ठाणे खाडीच्या जुन्या औद्योगिक काठावर मेटल डिटेक्टरने शोध कसा घ्यावा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून बेलापूरजवळच्या दिवाळे गावापर्यंतचा खाडीकाठ हा वाळूचा किनारा नाही, हे या छंदाकडे वळणाऱ्याने सर्वप्रथम ध्यानात घ्यावे. मेटल डिटेक्टरविषयीची बहुतेक माहिती वाळूच्या किनाऱ्यांना धरून दिलेली असते आणि ती येथे जशीच्या तशी लागू करायला गेल्यास पदरी निराशाच पडते. येथे आहे तो गुडघाभर चिखल, कांदळवन, खाजण, दगडी बांध, जुनी बंदरे आणि गेल्या साठ वर्षांत टाकलेला भराव. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी खाडीवरच्या पुलावरून रूळ कल्याणपर्यंत गेले. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ मीठ, रेती, कौले आणि लाकूड यांची ने-आण होड्यांनी होत राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली, खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे आणि यंत्रसामग्रीचे कारखाने आले, आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबईची आखणी सुरू झाली. या प्रत्येक टप्प्याचे अवशेष काठावर पडलेले आहेत. मात्र ते पुस्तकातल्या पानांसारखे क्रमाने लागलेले नाहीत, कारण भरावाची माती ट्रकने कुठून कुठे आली याचा पत्ता लागत नाही. म्हणून भरावात सापडलेल्या वस्तूवरून त्या जागेचा इतिहास सांगण्याची घाई करू नये. जुन्या बंदराच्या दगडी पायऱ्यांच्या सांध्यात अडकलेली वस्तू मात्र बहुधा तिथेच पडलेली असते, आणि तिचे मोल त्याच कारणाने अधिक आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की या काठावर डोळे हे पहिले साधन आणि डिटेक्टर हे दुसरे. ओहोटीने उघडे पडलेले नीट पाहणे, त्याची नोंद ठेवणे आणि खणण्याची वेळ शक्यतो येऊ न देणे, ही येथे शोध घेण्याची योग्य रीत आहे.

आता जागेविषयी. खाडीच्या पश्चिम काठाकडील, ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यानचा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून जाणे, तेथून काही उचलणे किंवा तेथे खणणे हा गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरही कांदळवनाला संरक्षण आहेच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव धरला जातो, आणि आपल्या काठाचा फार मोठा भाग या मर्यादेत येतो. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीएवढी वर आलेली दिसली की तिथून पाय मागे घ्यावा. त्यांच्यामध्ये कुदळ तर सोडाच, बूटही पडू नये. बेलापूरचा किल्ला, घोडबंदरचा किल्ला आणि त्यांचा परिसर यांपासूनही डिटेक्टर दूर ठेवावा. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे आणखी २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र असते, आणि संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. रेल्वेची हद्द, खाडीपुलांचे खांब आणि कारखान्यांच्या कुंपणामागचे काठ हेही वर्ज्य समजावेत.

मग उरते काय? विसर्जन घाट, कोळीवाड्यांच्या जेटीजवळचे दगडी उतार, मुंब्र्याच्या रेतीबंदरासारखे जुने धक्के, महापालिकांनी बांधलेले खाडीकिनारे, आणि मालकाने लेखी परवानगी दिलेल्या खासगी जागा. महापालिकेच्या किंवा मेरिटाइम बोर्डाच्या जागेसाठी लेखी अर्ज करावा, त्याची पोच खिशात ठेवावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कल्पना देऊन ठेवावी, कारण पुलाजवळ किंवा जेटीजवळ यंत्र घेऊन वाकून फिरणारा माणूस पाहून लोकांनी पोलिसांना बोलावणे हे स्वाभाविकच आहे. कोळीवाड्यात जाताना गावातल्या जाणत्या माणसाला भेटून, काय करणार आहोत हे सांगून मगच काठावर उतरावे. वाळत घातलेली जाळी, ओढून ठेवलेल्या होड्या आणि खुबे-कालवे काढण्याच्या जागा ही त्यांची उपजीविका आहे. शिवाय कोणता चिखल पेलतो आणि कोणता गिळतो हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते; एखादा काका ‘तिकडं नको जाऊस’ म्हणाला, तर कारण न विचारता ते ऐकावे.

वेळेचे गणित भरती-ओहोटीवर बसवावे लागते. आपल्याकडे जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: द्वितीयेला दीडच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीची सीमा येते. याचा उपयोग असा, की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, जेव्हा पाणी सर्वांत खाली उतरते, तेव्हा ओहोटी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान येते, आणि उन्हाच्या आधी काम करायला याहून चांगली वेळ नाही. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीला, पाणी फारसे उतरत नाही. ते दिवस घरी साफसफाईला द्यावेत. ठोकताळा अंदाजापुरता ठीक आहे, पण काठावर उतरण्याआधी छापील तक्ता पाहिलाच पाहिजे. तक्त्यातली वेळ बहुधा मुंबईच्या अपोलो बंदराची असते आणि खाडीच्या ठाण्याकडच्या टोकाला पाणी त्यानंतर पोहोचते. आपल्या जागेचा हा उशीर स्वतः पाहून वहीत लिहून ठेवावा. ओहोटीच्या दोन तास आधी उतरावे आणि पाणी वळले की लगेच बाहेर पडावे. सपाट चिखलावर भरती समोरून येताना दिसत नाही, ती बाजूच्या ओहोळांतून शिरते आणि मागची वाट आधी बंद करते. मोठ्या पावसानंतरचे पहिले उधाण फलदायी असते, कारण पुराच्या ओघाने वरचा गाळ धुपलेला असतो. मात्र पाऊस चालू असताना आणि पाणी ओसरेपर्यंत काठावर जाऊ नये.

एकट्याने कधीही जाऊ नये. हातात पाच-सहा फुटांची काठी असावी आणि प्रत्येक पावलाआधी ती चिखलात रोवून पाहावी. ती वीतभराहून अधिक सहज गेली तर तेथे पाय टाकू नये. पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नये, कारण दुसरा पाय अधिक खोल जातो. अंग मागे टाकून, वजन पसरून, पाय हळूहळू हलवत सोडवावा. जाड तळाचे गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे हवेत. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेत घेतलेले असावे. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात, आणि खाडीत फुटक्या काचा व इंजेक्शनच्या सुयाही वाहून येतात. अंगावर जखम असेल त्या दिवशी जाऊ नये. लेप्टोस्पायरोसिसचा धोका येथे पावसाळ्यात खरोखर असतो.

औद्योगिक काठाचा धोका याहून वेगळा आणि अधिक गंभीर आहे. ठाणे खाडीच्या गाळात पारा, शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू असल्याचे संशोधकांनी वेळोवेळी नोंदवले आहे. म्हणून काठावर काही खाऊ-पिऊ नये, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नये, आणि चिखलाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. निळसर, पिवळी किंवा पांढरी भुकटी, तेलकट इंद्रधनुषी तवंग, उग्र वास, बंद पिंप किंवा डबा दिसला तर वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर व्हावे आणि ११२ वर कळवावे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली तेव्हा तेलगळतीबरोबर कीटकनाशके भरलेले कंटेनरही पाण्यात पडले होते. पाण्यातून आलेला डबा रिकामाच असेल असे येथे कधीही गृहीत धरू नये. तुटलेल्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, ते फोडू नयेत. आणि नळकांड्यासारखी, टोकाशी निमुळती, जड वस्तू गंजलेली असली तरी तिला हात लावू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या, आणि गोदीचा गाळ उपसताना त्यातल्या वस्तू कित्येक दशकांनी सापडल्या आहेत. अशी वस्तू दिसल्यास जागा लक्षात ठेवून माघारी फिरावे आणि पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला येऊ द्यावे.

यंत्राची निवड करताना दोन गोष्टींचा मेळ घालायचा असतो: खारे पाणी आणि लोखंडाचा कचरा. खारा ओला गाळ स्वतःच वीज वाहतो, त्यामुळे एकाच कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) चालणारे साधे यंत्र तेथे सतत खोटे आवाज देते. पल्स इंडक्शन प्रकारच्या, म्हणजे विजेचे तुटक ठोके सोडून धातू शोधणाऱ्या, यंत्राला मिठाचा त्रास होत नाही आणि त्याची खोलीही चांगली असते, पण ते लोखंड व इतर धातू यांत फारसा फरक करत नाही. जेथे पावलोपावली खिळे, नट आणि सळ्यांचे तुकडे आहेत तेथे ते माणसाला दमवून टाकते. आपल्या काठासाठी अनेक कंप्रतांवर एकाच वेळी चालणारे यंत्र आणि लहान, १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची कॉइल (जमिनीवर फिरवायची तबकडी) ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. मोठी कॉइल खोल पाहते, पण एका वेळी तिच्याखाली दहा खिळे येतात आणि त्यांच्यामधले नाणे हरवून जाते.

यंत्र लावल्यावर जमिनीशी जुळवणी करणे ही पायरी टाळू नये. आपला दगड दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे आणि त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते, म्हणून दगडी बांधाजवळ यंत्र जमिनीवरच ओरडते. धातू नसलेली जागा शोधून कॉइल जमिनीपासून वर-खाली हलवत, आवाज स्थिर होईपर्यंत जुळवणी करावी, आणि चिखलातून दगडावर किंवा भरावावर गेलो की पुन्हा करावी. जुन्या रेल्वेमार्गाजवळ दगडी कोळशाची जळकी ढेपळे आणि भाजलेल्या विटांचे तुकडे हेही यंत्राला फसवतात. ऐरोलीच्या बाजूला डोक्यावरून उच्चदाबाच्या वाहिन्या जातात आणि पुलांजवळ रेल्वेच्या विद्युत तारा असतात. तेथे यंत्र विनाकारण किरकिर करू लागले तर संवेदनशीलता कमी करावी, कंप्रता बदलून पाहावी, आणि तरीही भागले नाही तर जागा बदलावी. कॉइल जमिनीला समांतर, दोन बोटे वर, सावकाश आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढेल अशी फिरवावी. घाईत फिरवलेल्या मोठ्या पट्ट्यापेक्षा दोरी लावून नीट तपासलेला चार मीटरचा चौकोन अधिक देतो.

भारतीय नाण्यांची एक गोष्ट परदेशी मार्गदर्शनात सापडत नाही आणि ती येथे फार महत्त्वाची आहे. १९८८ पासून आपली नाणी टप्प्याटप्प्याने फेरिटिक स्टेनलेस स्टीलची होत गेली. हे पोलाद चुंबकाला चिकटते. म्हणूनच पुलाखाली दोरीला लोहचुंबक बांधून मुले गाडीतून टाकलेली नाणी काढू शकतात. याचा अर्थ असा, की यंत्रावर लोखंड वगळण्याची सोय सुरू ठेवली तर अलीकडची बरीचशी नाणी त्या चाळणीतच गळून पडतात. १९४७ चा निकेलचा रुपयाही चुंबकाला चिकटतो. १९६४ नंतरची ॲल्युमिनियमची एक, दोन, तीन, पाच पैशांची हलकी नाणी यंत्राला बाटलीच्या टोपणासारखी किंवा ॲल्युमिनियमच्या फॉइलसारखी भासतात, आणि खाऱ्या पाण्यात ती खड्डे पडून जवळजवळ विरून गेलेली असतात. याउलट १९३९ पर्यंतचा चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे ९१.७ टक्के चांदीचा, स्वच्छ, उंच आणि दोन्ही दिशांनी सारखाच आवाज देतो. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो भोकाच्या पैशाचा. १९४३ ते १९४७ दरम्यान पाडलेला हा कांस्याचा पैसा साधारण २१ मिलिमीटर व्यासाचा आणि दोन ग्रॅमचा असतो, आणि कारखान्यांच्या काठावर नेमक्या त्याच मापाचे पितळी व तांब्याचे वॉशर ढिगाने सापडतात. दोन्ही हिरवट काळे, दोन्हींना मधे भोक. तो फेकण्याआधी गोड्या पाण्यात बुडवून मऊ ब्रशने एकदाच हलका हात फिरवावा आणि तिरक्या उजेडात धरावा. पैसा असेल तर एका बाजूला भोकाच्या वर मुकुट आणि कडेने अक्षरे व साल, दुसऱ्या बाजूला पानांची माळ दिसते. वॉशरच्या कडा सरळ कापलेल्या आणि दोन्ही बाजू कोऱ्या असतात. या एका तपासणीने कित्येक पैसे कचऱ्यात जाण्यापासून वाचतात.

यंत्राला ज्यांचा पत्ता लागत नाही अशा वस्तू या काठावर अधिक बोलक्या आहेत. मंगलोरी कौलांच्या तुकड्यांवर कारखान्याचे नाव ठसवलेले असते. बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कौलावरचे १८६५ हे साल कारखान्याच्या स्थापनेचे आहे, ते कौल त्या वर्षी भाजलेले नसते, आणि ही चूक हौशी संग्रहांत सर्रास दिसते. काचेच्या बाटलीचा सांधा तळापासून ओठापर्यंत अखंड गेला असेल तर ती पूर्ण यंत्राने बनवलेली, म्हणजे विसाव्या शतकातली. तो मानेवर संपत असेल तर त्याहून जुनी असण्याचा संभव आहे. गोटी सोड्याच्या बाटलीची मान, फिकट पिवळ्या अग्निरोधक विटा, चिनी मातीचे विजेचे इन्सुलेटर, जाळ्यांची शिशाची वजने, जुन्या होड्यांचे चौकोनी तांब्याचे खिळे हे सारे उचलण्याआधी जागेवरच, पट्टी ठेवून, फोटो काढून नोंदवावे. वहीत तारीख, तिथी, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, वस्तू पृष्ठभागावर होती की किती सेंटिमीटर खाली, आणि आजूबाजूला काय होते, एवढे तरी हवेच. गद्धेगाळासारखा (गाढवाचे शिल्प असलेला शापदगड) कोरीव दगड, वीरगळ किंवा मूर्ती दिसल्यास ती हलवू नये.

खणायची परवानगी असेल तेथेही पिनपॉइंटरने (हातात धरायच्या लहान डिटेक्टरने) जागा नेमकी करून, लहान फावड्याने तळहाताएवढाच खड्डा घ्यावा आणि तो लगेच बुजवावा; विसर्जन घाटावर उघडा राहिलेला खड्डा पुढच्या माणसाचा पाय मोडू शकतो. निघालेले तारांचे आणि पत्र्यांचे तुकडे परत टाकू नयेत, पिशवीत भरून बाहेर आणावेत. अलीकडची अंगठी किंवा मंगळसूत्र सापडले तर ते कोणाचे तरी हरवलेले आहे. पंचनाम्यासह पोलीस ठाण्यात द्यावे.

जुन्या वस्तूंबाबत भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते, आणि लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बेलापूरपर्यंतचा काठ ठाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो, उलवे-पनवेलकडचा रायगडच्या. शंभर वर्षांहून जुने नाणे किंवा कलावस्तू ही पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ खाली पुरावस्तू ठरते. तिचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ मध्ये खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला आणि तो वाचला गेला म्हणून या गावाचा हजार वर्षांपूर्वीचा राजा आपल्याला नावाने माहीत आहे. तो कोणी वितळवला असता तर तांब्याच्या भावात गेला असता.

घरी आणल्यावर खरे जोखमीचे काम सुरू होते. खाडीच्या काळ्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे लोखंड तेथे टिकते, पण हवेत येताच आत मुरलेल्या मिठामुळे ते पापुद्रे सुटून फुटू लागते. म्हणून वस्तू वाळू देऊ नये. काठावरूनच खाडीच्या पाण्याच्या डब्यात ठेवून आणावी आणि घरी गोड्या पाण्यात टाकावी. लोखंडाच्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा मिसळावा आणि पाणी आठवड्याला बदलत अनेक महिने तसेच ठेवावे. विजेच्या साहाय्याने गंज काढणाऱ्यांनी दुसऱ्या, धन टोकाला स्टेनलेस स्टील कदापि लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. साधे लोखंड वापरावे, आणि हायड्रोजन सुटत असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तांबे-पितळ-कांस्यावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे. ती वस्तू इतरांपासून वेगळी करून कोरड्या डबीत सिलिका जेलबरोबर ठेवावी. चांदी गाळातून काळी निघते, ते गंधकामुळे चढलेले पुट असते. लिंबू, चिंच, पितांबरी, राख यांपैकी काहीही कोणत्याही नाण्याला लावू नये. घासलेल्या नाण्यावरची अक्षरे कायमची जातात. कांस्य आणि चांदी डिस्टिल्ड पाण्यात धुऊन सावलीत सुकवावी. लोखंड पूर्ण सुकल्यावर त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा, आणि प्रत्येक डबीत पेन्सिलीने लिहिलेली, वहीतल्या नोंदीचा क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवावी, कारण शाई दमट हवेत पुसली जाते.